अर्ज घेतच नाहीत, म्हणतात 'कशाला पाहिजे?'

प्रश्न: आमच्या वाडीतला काँक्रीटचा रस्ता पहिल्याच पावसात उखडला. मी ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज नेला, रस्ता का उखडला आणि जबाबदार कोण ते सांगा म्हणून. भाऊसाहेब म्हणाले आधी कारण सांगा कशाला पाहिजे, अर्ज घेतलाच नाही. आता काय करू? – एक वाचक

उत्तर: दादा, कारण विचारायचा त्यांना हक्कच नाही. 2005 च्या कायद्यात कलम 6(2) मध्ये ते सरळ लिहिलंय, संपर्कापुरता पत्ता दिला की झालं. पण खरं सांगू, तुमचा अर्जही जरा चुकलाच. 'का' आणि 'कोण' विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, 'अभिलेखात उपलब्ध नाही', आणि ते टिकतंही, कारण या कायद्यात कागद मिळतो, खुलासा नाही. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा. अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, ठेकेदाराची बिलं आणि मेन म्हणजे एमबी, मोजमाप पुस्तिका. इंजिनिअरनं लांबी रुंदी जाडी किती लिहिलीय ते त्यातच असतं, मग तुम्ही टेप घ्या आणि उखडलेल्या कडेला जाडी मोजा, कागदावर 15 सेंटीमीटर आणि जागेवर 8 निघाले तर 'का' कुणाला विचारायला नको. कामाची पाहणी आणि मालाचा प्रमाणित नमुनासुद्धा मागता येतो बरं का, कलम 2(ञ), हे फारसं कुणी वापरत नाही. एमबी पंचायत समितीत आहे म्हणाले तर म्हणू देत, अर्ज 5 दिवसांत तिकडे पाठवायचं काम त्यांचंच.

नवीन अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात करा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. आपल्याकडे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, तेव्हा रामायण नको. हातात घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा आणि 30 दिवस मोजा, तेवढी उत्तराची मुदत. झेरॉक्सला पानामागे 2 रुपये, पण मुदत उलटली तर फुकट द्यावी लागते, लोक उगाच पैसे भरून मोकळे होतात.

काहीच आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे दाद, 20 रुपयांचा स्टॅम्प. मग 90 दिवसांत दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाकडे. तिथं अधिकाऱ्याला रोज 250 प्रमाणे 25,000 पर्यंत दंड होऊ शकतो, पण तारीख लागेपर्यंत अजून दोन पावसाळे जातील, त्यामुळे जोर पहिल्या अर्जावरच द्या.

आणि टेप घेऊन एकटे जाऊ नका, दोघंतिघं सोबत न्या, फोटो काढा.