कैद्याचे आत्मकथन आधी, की तुरुंगाचा अभ्यास?

प्रश्न : आमच्या वाचक मंडळाने यंदा गुन्हा आणि तुरुंगवास हा विषय घेतला आहे. निम्म्या सभासदांना कैद्यांची आत्मकथने हवी आहेत, उरलेल्यांना तुरुंगव्यवस्थेचे विश्लेषण करणारे ग्रंथ. सुरुवात कशाने करावी?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आपल्या मंडळाने आधी विश्लेषणाचे निदान एक प्रकरण वाचावे, तेही कच्च्या, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात असलेल्या कैद्यांविषयीचे, असे मी आग्रहाने सुचवेन. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांमध्ये सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांतील चारांपैकी तिघांचा खटला अजून निकाली निघालेला नव्हता. अशा माणसाचे दिवस पुढच्या तारखेची वाट पाहण्यात जातात. त्यात सांगण्याजोगे काही घडत नाही, म्हणून आत्मकथनात ती वर्षे दोन ओळींत आटोपतात आणि हे प्रमाण ठाऊक नसलेला वाचक त्या ओळींवरून सहज पुढे सरकतो. शिवाय मराठीतील तुरुंगकथने बहुतांशी शिकलेल्या, त्यातही राजकीय बंद्यांची आहेत. जामीन मिळूनही जामीनदार न मिळाल्याने आत राहिलेला मजूर सहसा पुस्तक लिहीत नाही. लिहिणारा तुरुंगाविषयीच लिहील असेही नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्याच तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, पण त्या पुस्तकाचा विषय कारावास नाही.

तरीही मी आत्मकथनांना दुय्यम मानत नाही. बिहारमध्ये काही कच्चे कैदी, आरोप सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती त्याहून अधिक काळ कोठडीत होते, हे १९७९ मध्ये वृत्तपत्रातील लेखांमुळे सर्वोच्च न्यायालयापुढे आले, आणि हुसैनारा खातून खटल्यात शीघ्र सुनावणी हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरला. माणसांची हकीकत कोणी लिहिली नसती, तर तो कायदाही इतक्या स्पष्टपणे उभा राहिला नसता. तुरुंगातील भेटीच्या वेळी जाळीपलीकडे उभ्या असलेल्या मुलाशी काय बोलावे, हे बापाला सुचत नाही. ते कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही.

अभ्यासग्रंथ निवडताना आकडे कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या राज्याचे आहेत, हे आधी पाहावे, कारण कारागृहे हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असून महाराष्ट्राचे नियम इतर राज्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्यानंतरच्या बैठकीत आत्मकथन घ्यावे आणि लेखकाने वाट पाहण्याच्या काळाला किती पाने दिली आहेत, ते सभासदांनी मोजावे.