रुग्ण जास्त असले की त्या आजारावरच्या संशोधनाला पैसाही जास्त मिळतो का?

कोणत्या आजारावर संशोधन करायचं हे कोण ठरवतं, रुग्णसंख्या बघूनच पैसा देत असतील ना, असं तुम्ही विचारलंय. तसं असतं तर सर्पदंशाचा नंबर फार वर लागला असता. मी कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे, म्हणून उदाहरण तेच देतो.

साप चावलेला माणूस आला की आम्ही त्याचं २ मिली रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतो आणि २० मिनिटं न हलवता ठेवतो. मग नळी तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नाही, पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं धरून प्रतिविष चालू. (प्लास्टिकची नळी चालत नाही, आणि काचेची ऐन वेळी सापडत नाही.) मण्यार चावली असेल तर ही चाचणी काहीच सांगत नाही, कारण तिचं विष रक्तावर नाही, नसांवर (मज्जातंतूंवर) काम करतं. पापण्या जड होतायत का, यावर नजर ठेवून बसायचं. ऑस्ट्रेलियात विषावरून सापाचा गट सांगणारं किट काही दशकांपूर्वीच निघालं. तिथे सर्पदंशाने वर्षाला साधारण दोन माणसं दगावतात. भारतात अंदाजे ५८ हजार.

आपल्याकडे मरतो तो शेतात राबणारा. त्याच्या खिशाकडे बघून कुठली कंपनी पैसा घालेल? आफ्रिकेतलं 'फाव-आफ्रिक' हे चांगलं प्रतिविष सनोफी या औषध कंपनीने २०१४ मध्ये बंद केलं, स्वस्त मालापुढे परवडेना म्हणून.

पण सगळं खापर कंपन्यांवर फोडण्यात अर्थ नाही. सरकारलाही आकडा दाखवावा लागतो, आणि तोच नव्हता. बहुतेक जण दवाखान्याबाहेरच दगावतात, मग नोंद कुठली होणार? घरोघर जाऊन मृत्यूचं कारण विचारणारा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कळलं की एकट्या २००५ सालात सुमारे ४६ हजार गेले होते. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला, २०१९ मध्ये आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने सर्पदंशासाठी ८ कोटी पौंड जाहीर केले. माणसं त्याआधीही मरतच होती.

पैशावाचून काहीच होत नाही असंही नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात विंचूदंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं. रक्तदाबाची जुनी, स्वस्त गोळी! ती विंचवावर चालते हे शोधून कुठल्या कंपनीचं भलं होणार होतं? प्रतिविषाचं तसं नाही. सापाचं विष थोडं थोडं घोड्याला टोचून त्याच्या रक्तातून ते बनवतात, म्हणजे त्याला साप, घोडे, प्रयोगशाळा लागते. घोणशीचं विष प्रांतागणिक बदलतं, आणि आपल्या प्रतिविषासाठीचं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा या साप पकडणाऱ्या आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं, त्यामुळे दुसऱ्या प्रांतातल्या सापावर ते कमी पडू शकतं.