बंद फाउंड्रीच्या जागेवर लाल मातीचे ट्रक ओतू नका

तुमची पोस्ट वाचली: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत तुमच्या मामांची फाउंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना, बंद पडून आठ वर्षं झाली, दोन एकर जागा, मागे काळ्या वाळूचे ढीग, पुढे शेड आणि क्युपोला (बीड वितळवायची उभी भट्टी) अजून उभा, आणि कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन असं की सगळं जेसीबीने सपाट करायचं, चाळीस ट्रक लाल माती, वर मेक्सिकन लॉन, फॉक्सटेल पाम आणि कंपाउंडला कोनोकार्पस या परदेशी झाडाची रांग. तुम्हाला देशी झाडं हवीत आणि सुरुवात कुठून करायची ते विचारलंत. मी अशा जागांवर वीसेक वर्षं काम करतोय, सविस्तर लिहितो.

आधी ते कोटेशन बाजूला ठेवा. लाल माती कुठल्यातरी डोंगराची साल काढूनच येते, आणि त्या मातीखाली ती काळी वाळू तशीच राहते, पहिली दोन वर्षं लॉन हिरवंगार दिसतं आणि मग झाडांची मुळं खाली पोचली की एकेक झाड शेंड्याकडून वाळायला लागतं. कोनोकार्पस तर नकोच, गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

रोपांच्या आधी जमीन ओळखा. फाउंड्रीची काळी वाळू म्हणजे सिलिका वाळू, त्यात बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) आणि कोळशाची भुकटी. नुसत्या बिडाचं कास्टिंग होत असेल तर ही वाळू सहसा फार विषारी नसते, पण पितळ किंवा गनमेटल ओतत असतील तर शिसं, तांबं, जस्त यांचा प्रश्न येतो, आणि कोअर शॉपच्या मागे रेझिन लावलेले कोअर (कास्टिंगमधली पोकळी ठेवणारे वाळूचे गाभे) फेकलेले असतील तर फिनॉल या विषारी रसायनाचा. म्हणून मामांच्या एखाद्या जुन्या मोल्डरला, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या कामगाराला, चहाला बोलवा आणि त्याच्याबरोबर जागा फिरा. ऑइल कुठे सांडायचं, स्लॅग (भट्टीतून निघणारा मळ) कुठे टाकायचे, ट्रान्सफॉर्मर कुठे होता, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्याने दाखवलेल्या जागा आणि इतर आठदहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी वरचा अर्धा फूट आणि तीन फूट खोल असे दोन नमुने घ्या. शेतीच्या माती परीक्षणात फक्त एनपीके, पीएच वगैरे कळतं, त्यामुळे जड धातू आणि तेलासाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबमध्येच द्या. खर्च येतो, पण लाल मातीच्या ट्रकांपुढे काहीच नाही.

लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत एक काम स्वतः करा. चारपाच ठिकाणी दीड फुटाचा खड्डा खणा, संध्याकाळी काठोकाठ पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा आणि सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर तिथे बेंटोनाइटने किंवा वर्षानुवर्षं ट्रक फिरून जमीन घट्ट बसली आहे, कितीही देशी झाड लावा, पावसाळ्यात मुळं गुदमरून मरेल. तिथे जमीन फोडून पालापाचोळा, शेणखत मिसळावं लागतं, किंवा सरळ ती जागा गवताला सोडायची.

रिपोर्ट खराब आला तर घाबरू नका, पण तो भाग वेगळा करा. खरोखर घातक निघालं तर ते प्रदूषण मंडळाच्या नियमानेच हलवावं लागतं, स्वतः ट्रक लावून ओढ्यात टाकायचं नाही. त्या भागात बोर, कवठ, शेवगा, भाजी, काहीही खाण्याचं लावू नका. आणि शोषखड्डा तर तिथे अजिबात नको! हे मी मुद्दाम सांगतोय कारण पाणी जिरवा म्हणून सगळेच सांगतात, पण दूषित मातीतून जिरलेलं पाणी शेजारच्या बोअरला जातं. शेडच्या पत्र्याचं पाणी पन्हळीने स्वच्छ भागात न्या आणि तिथेच जिरवा.

क्युपोला पाडू नका ही माझी कळकळीची विनंती. जर्मनीत डुइसबुर्गला थायसेनचा लोखंडाचा कारखाना 1985 ला बंद पडला, तिथे पीटर लात्झ या लँडस्केप आर्किटेक्टने भट्ट्या तशाच ठेवून पार्क केला, 1994 मध्ये लोकांसाठी उघडला. कच्चं लोखंड ओतायच्या जागेच्या 49 लोखंडी प्लेटा जमिनीवर मांडून चौक केला, खनिज साठवायच्या काँक्रीटच्या बंकरमध्ये बागा केल्या, आणि जी माती फारच खराब होती ती काही बंकरमध्ये सीलबंद करून टाकली. सांडपाण्याचा जुना नाला होता, त्याचं घाण पाणी जमिनीखालच्या पाइपात घातलं आणि वर पावसाचं स्वच्छ पाणी खेळवलं. तिथे आपोआप उगवलेले बर्च त्यांनी उपटले नाहीत. त्यांची झाडं आपल्याकडे आणायची नाहीत, पद्धत मात्र बघण्यासारखी आहे. तुमच्याकडे मोल्डिंग बॉक्स (साच्याच्या लोखंडी चौकटी), जुनी कास्टिंगं पडली असतील तर भंगारात देऊ नका, पायवाटेला कामी येतील.

आता झाडं. देशी म्हणजे भारतातलं कुठलंही नाही, तुमच्या भागातलं. गुरुग्रामच्या अरावली बायोडायव्हर्सिटी पार्कची जमीन म्हणजे खाणकामाने उकरलेली टेकडी, 2010 पासून तिथे धौ, सालई, पळस अशी अरावलीतलीच झाडं आणली, आणि नमुना म्हणून जवळचं मांगर बनीचं राखलेलं जुनं जंगल समोर ठेवलं. तुम्ही हातकणंगल्याजवळच्या रामलिंगच्या डोंगरावर जा, एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये, उतारावर काय आहे, खडकात काय आहे, ओढ्याकाठी काय आहे ते लिहून काढा. माझा अंदाज पळस, बहावा, आपटा, हिवर, खैर, मेडशिंग, ओलाव्याला उंबर आणि करंज, झुडपांत धायटी, तरवड, निरगुडी. वाळूच्या ढिगाच्या उतारावर वाळा लावा, मुळं सरळ खोल जातात, उतार धरून ठेवतो आणि धातूही बऱ्यापैकी सोसतो. उरलेल्या मोकळ्या जागेत मारवेल आणि कुसळी ही गवतं. सगळीकडे झाडंच हवीत हा हट्ट नको, आपल्या पठारावर गवताळ माळ हासुद्धा निसर्गच आहे. मियावाकी, म्हणजे दाट लागवडीची जपानी पद्धत, करून देतो म्हणणारे भेटतील, दर चौरस मीटरला तीन रोपं आणि दोनतीन वर्षं भरपूर पाणी, तुमच्या वाळूवर मी तरी ते करणार नाही.

आणि सगळं एकदम साफ करू नका. पुण्याजवळ एका बंद दगडखाणीवर मी पहिल्या वर्षी घाणेरी मशीनने सरसकट काढून चारशे रोपं लावली होती, मोठ्या पिशवीतली, नर्सरीवाल्याने खात्री देऊन दिलेली. मेपर्यंत अर्ध्याहून जास्त गेली. उपटून बघितलं तर मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल वळलेली, बाहेरच्या मातीत एक इंचही शिरलेली नव्हती. एका कोपऱ्यात मशीन पोचलं नव्हतं म्हणून घाणेरी राहिली होती, तिच्या जाळीत हात घालून फांद्या बाजूला केल्या तर आत वीतभर उंचीची चंदनाची तीन रोपं, शेजारी एक कडुनिंब, बुलबुलांनी बी टाकलेली. कुणी पाणी घातलं नाही की खत नाही, आणि पानं अशी तुकतुकीत. तेव्हापासून मी घाणेरी हाताने काढतो, एका वर्षी एक पट्टा, आणि खाली काय उगवलंय ते बघूनच पुढचं ठरवतो. तुमच्या जागेवर आठ वर्षांत पाखरांनी काहीतरी आणलं असणारच, रुईच्या आणि सुबाभळीच्या सावलीत शोधा. सुबाभूळ काढायचीच आहे, पण शेंगा धरायच्या आधी.

रोपं शक्यतो स्वतः करा, लहान पिशवीत, फूटभराची झाली की लावायची. पळसाचं बी मे-जूनमध्ये ताजं पेरा. कडुनिंबाचं बी काही आठवड्यांतच मरतं, निंबोळ्या पडल्या की लगेच लावा. बहाव्याचं कवच कठीण असतं, ते घासून किंवा गरम पाण्यात भिजवून घ्यावं लागतं. धावडा करून बघायचा असेल तर बी खूप गोळा करा, बरंचसं पोकळ निघतं.

या पावसाळ्यात फक्त वाळा, गवत आणि स्वच्छ भागात पन्नासेक झाडं, एवढंच. खड्ड्यातलं पाणी सकाळी किती उरलं त्याचे आकडे आणि त्या मोल्डरने दाखवलेल्या जागांचा हाताने काढलेला नकाशा इथे टाका, कुठल्या कोपऱ्यात काय लावायचं ते त्यावरून सांगतो.