रातकिडे ओरडतायत, काका

ताई,
मी ६८ वर्षांचा आहे. चिपळूणजवळ आमचं गाव. ३० वर्षं पिठाची गिरणी चालवली, आता मुलगा बघतो. घर माझ्या नावावर आहे. गेली दोनेक वर्षं घरात माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतंय. सून तोंडातल्या तोंडात बोलते. मी माजघरात गेलो की बोलणं थांबतं, नाहीतर हसणं सुरू होतं. ‘काय म्हणालीस?’ विचारलं तर ‘काही नाही बाबा’ म्हणून मोकळी होते. मुलगा एक तर कुजबुजतो, नाहीतर अंगावर ओरडतो. बायकोही त्यांच्यातलीच झाली. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, ‘बाबांना ऐकू येत नाही.’ मला! मी मुंबईच्या मित्राशी फोनवर तासभर बोलतो. भजनात पखवाजावर माझा ठेका आजवर चुकलेला नाही. आता कशातच राम उरला नाही. यंदा पावसाळ्यात रातकिडेसुद्धा ओरडले नाहीत, फवारण्यांनी सगळं मारलं. दिवाळीनंतर मुलाला वेगळी चूल मांडायला सांगणार आहे. माझं काही चुकतंय का?

काका,

सून, मुलगा, चूल सगळं जरा बाजूला ठेवा. मी अडकले ती तुमच्या रातकिड्यांपाशी. जाता जाता लिहून गेलात आणि पुढे सरकलात, पण अख्ख्या पत्रात महत्त्वाचं वाक्य तेवढं एकच आहे.

कोकणात भर पावसाळ्यात रात्री रातकिडे ओरडले नाहीत, हे शक्य आहे का? फवारणीने एखाद्या बागेतले मरतील, मान्य. पण परसात, वहाळाच्या कडेला, वरच्या डोंगरात, सगळीकडचे एकदम गप्प होतील? आज जेवणं झाली की शेजारच्या एखाद्या शाळकरी पोराला तुमच्या ओटीवर बोलवा आणि विचारा, ‘किडे ओरडतायत का रे?’ घरातल्यांना विचारू नका, त्यांच्यावर तुमचा सध्या विश्वास नाही. त्या पोराला तुमच्या भांडणाशी काही देणंघेणं नाही. ते ‘हो’ म्हणेल.

रातकिड्यांचा आवाज फार वरच्या पट्टीतला असतो, साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याहून वर. आणि वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम करणाऱ्या माणसाचा कान सगळ्यात आधी त्याच पट्टीत बसतो. तुम्ही ३० वर्षं गिरणीत उभे होतात. मोटार, पट्टा, जाती, आणि त्यावरून ‘गहू बारीक दळा हो’ म्हणून ओरडणारं गिऱ्हाईक. समोरच्याशी ओरडून बोलावं लागतं इतका आवाज जिथे रोज तासन्‌तास असतो, तिथे आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशी मरतात आणि मेल्या की परत येत नाहीत. वर वयाने आपलं काम केलंच. साठीपुढच्या माणसांत चारातल्या एकाहून जास्त जणांना अडचण व्हावी इतकं कमी ऐकू येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्यावर काही जगावेगळं कोसळलेलं नाही.

आता तुमचे पुरावे बघू. पखवाजाचा ‘धा’ हा खालच्या पट्टीतला आवाज, तो तुम्हाला स्वच्छ येणारच. फोनवर मित्र एकटा बोलतो, कानाला लागून बोलतो, मध्ये भांड्यांचा आवाज नाही की मिक्सर नाही. शिवाय जुन्या मित्राचं अर्धं बोलणं त्याने तोंड उघडायच्या आधीच आपल्याला ठाऊक असतं. जे दोन आवाज तुम्हाला अजून नीट येतात, नेमके तेच तुम्ही पुरावा म्हणून पुढे केलेत. जो येईनासा झाला, त्याचं खापर फवारणीवर आणि सुनेवर. हे तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. पण केलंत तुम्हीच.

आणि ‘तोंडातल्या तोंडात बोलते’ म्हणजे काय, तेही बघा. आ, ऊ, ओ हे स्वर भारदस्त असतात, ते पोचतात. क, ट, थ, स, श, च ही व्यंजनं हलकी आणि वरच्या पट्टीतली, ती आधी गळतात. म्हणून तुमच्यासारख्या माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. आवाज येतोय म्हटल्यावर स्वतःच्या कानाची शंका येतच नाही, बोलणाऱ्याच्या तोंडाची येते. सून चुलीपाशी पाठमोरी उभी राहून विचारते, ‘चहा टाकू का?’ त्यातली व्यंजनं पुसून टाका. उरतं ते ‘जरा थांबू का’ असू शकतं, दुसरंही काही असू शकतं. मधल्या गाळलेल्या जागा तुमचं मन भरतं, आणि गेली दोन वर्षं ते कशाने भरतंय ते तुमच्या पत्रात ओळीओळीला दिसतंय.

मुलाचंही तेच. त्याचा साधा आवाज तुम्हाला कुजबुज वाटतो आणि त्याने आवाज चढवला की एकदम अंगावर येतो. असा कान हळू आवाज सोडून देतो, पण मोठा आवाज त्याला पूर्वीइतकाच, कधी जास्तच टोचतो. मधली पायरीच राहत नाही. मुलगा उद्धट आहे की नाही मला माहीत नाही, पण तुम्ही दिलेल्या पुराव्यावरून तरी ते ठरत नाही.

तुम्हाला एक प्रयोग सांगते. १९८१ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या फिलिप झिंबार्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात तो छापला. कॉलेजच्या धडधाकट मुलांना संमोहनाखाली सूचना दिली, की तुम्हाला आता कमी ऐकू येईल. काहींना हे आपल्याला सुचवलंय याची आठवण ठेवू दिली, काहींना विसरायला लावलं. मग त्यांच्यासमोर दोघे आपापसात बोलत, हसत बसले. ज्यांना आपलं ऐकणं कमी झाल्याचं कारण माहीत होतं, ती मुलं ठीक होती. ज्यांना ते माहीत नव्हतं ती संशयी झाली, चिडखोर झाली, आणि समोरच्यांनाही ती तुसडी वाटली. कॉलेजातली निरोगी पोरं, काका, आणि तीही थोड्या वेळात. तुम्ही दोन वर्षं तसे बसला आहात.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. चुलीचा विषय तोंडातून काढू नका आणि या आठवड्यात कान तपासून घ्या. आणि तपासायला जाताना सुनेला बरोबर न्या. मुलाला नाही, बायकोला नाही, सुनेला. ज्या माणसावर तुमचा सगळ्यात जास्त संशय आहे, त्याच माणसाने तुमच्या शेजारी बसून डॉक्टरांचं ऐकलं पाहिजे. घरी तुमच्याशी सगळ्यात जास्त बोलणारी तीच आहे.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. कानात नुसता मळ साठला असेल तर तिथेच निम्मं काम होईल. मग ऑडिओमेट्री. एका बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. सुई नाही, दुखणं नाही, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. शेवटी एक आलेख हातात येतो, २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंतचा. माझा अंदाज खरा असेल तर डावीकडे तुमची रेघ बरी असेल आणि ४,००० च्या आसपास धाडकन खाली गेलेली दिसेल. तो कागद सुनेला बघू द्या.

मुंबईला जाणं जमत असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था याच कामाची आहे. ऐपतीचा प्रश्न असेल तर कानाच्या मशीनसाठी सरकारच्या एडिप या, दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या योजनेची चौकशी तिथेच करा. वर्तमानपत्रातली जाहिरात बघून किंवा कुणाचं जुनं मशीन मागून कानात घालू नका. मशीन तुमच्या आलेखाप्रमाणे लावून घ्यावं लागतं. पहिले काही आठवडे भांडी डोक्यात आपटल्यासारखी वाटतील, स्वतःचा आवाज परका वाटेल. तरी रोज घाला. ड्रॉवरमध्ये ठेवलेलं मशीन कुणालाच ऐकू आणून देत नाही. २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या १२ टाळता येण्याजोग्या धोक्यांची यादी दिली, त्यात ऐकू कमी येणंही आहे. म्हणजे प्रश्न माजघरातल्या हसण्यापुरता नाही.

चाळिशीत चष्मा लागला तेव्हा तुम्ही ‘हल्ली वर्तमानपत्रं पुसट छापतात’ म्हणून छापखान्याशी भांडला नसाल. कानाच्या बाबतीत मात्र लाज आड येते. गणपतीत मुलाने सगळ्यांदेखत ते वाक्य बोलायला नको होतं, चुकलंच त्याचं. पण वाक्य खोटं आहे की खरं, ते तुम्ही तपासलं नाहीत. अपमान झाला तिथेच थांबलात.

सुनेलाही माझा एक निरोप द्या. ‘काही नाही बाबा’ हे उत्तर आजपासून बंद. ज्याला ऐकू येत नाही त्याला त्याहून जास्त तोडणारं वाक्य नाही. बाबांसमोर यायचं, तोंड त्यांच्याकडे करायचं, आणि तेच वाक्य सावकाश परत म्हणायचं. ओरडायचं नाही.

गिरणी मुलगा सांभाळतोच आहे. सकाळची पहिली एसटी धरा, दोघांचा डबा घ्या, ओपीडीत केसपेपर तिला काढू द्या. नंबर लागेपर्यंत तिच्या समोर बसा, शेजारी नको, म्हणजे ती काय बोलते ते ओठांवरून तरी कळेल.