गिरणीपासून सुरुवात करा

प्रश्न : माझे वडील (वय 76) लालबागला कापड गिरणीत साचाखात्यात होते. लहानपणी चाळीच्या आवारात त्यांनी अण्णाभाऊ साठ्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा ऐकला होता. ते शहर त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. आम्ही त्यांना व्होल्गोग्राडला (म्हणजे पूर्वीच्या स्टालिनग्राडला) नेतो आहोत, पण हातात एकच दिवस आहे. अकरा वर्षांची लेक सोबत आहे. युद्ध-संग्रहालय तिला झेपेल का? काय बघावं, काय सोडावं?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. अण्णाभाऊंनी तो पोवाडा 1943 साली रचला, दुसऱ्या महायुद्धातली स्टालिनग्राडची लढाई संपली त्याच वर्षी. मी अनेक वर्षं रशियन शिकवते. त्या शहरात गेले तेव्हा मलाही त्याचीच आठवण झाली होती.

संग्रहालय व्होल्गाच्या काठावर आहे. पण आत जायची घाई करू नका. शेजारीच लाल विटांची एक पडकी इमारत उभी आहे, छप्पर नाही, भिंतींची चाळण झालेली. ती वाफेवर चालणारी पिठाची गिरणी. सप्टेंबर 1942 मध्ये बाँब पडेपर्यंत तिथे दळण चालू होतं. बाकी शहर नव्याने बांधलं, ही मुद्दाम तशीच ठेवली. वडिलांना तिच्यासमोर पुरेसा वेळ द्या. ही लढाई कारखान्यांतून लढली गेली. ट्रॅक्टरच्या कारखान्यात रणगाडे बनत होते, आणि जर्मन सैन्य दाराशी आल्यावर तिथले कामगारच बंदुका घेऊन उभे राहिले. गिरणी कामगाराला ते समजावून सांगावं लागणार नाही.

तिथेच जवळ मगरीभोवती फेर धरून नाचणाऱ्या मुलांचं कारंजं आहे. 23 ऑगस्ट 1942 च्या भीषण बाँबवर्षावानंतर मागे जळतं शहर आणि पुढे ही नाचणारी मुलं, असं एक छायाचित्र जगभर गेलं. आताचं कारंजं ही प्रतिकृती आहे. लेकीला ती गोष्ट आधी सांगा, मग दाखवा.

रस्ता ओलांडला की सार्जंट पाव्हलोव्हच्या नावाने ओळखलं जाणारं घर. मूठभर सैनिकांनी ते 58 दिवस राखलं. मला मात्र त्यानंतरची हकिगत जास्त मोलाची वाटते. अलेक्सांद्रा चेर्कासोव्हा बालवाडीत काम करायच्या. 1943 च्या उन्हाळ्यात त्यांनी इतर बायकांना गोळा केलं आणि आपलं काम सांभाळून हे घर पुन्हा उभं करायला घेतलं. त्यातल्या कुणी गवंडी नव्हत्या.

आता आत. नेमबाज झाइत्सेव्हची रायफल आणि इंग्लंडच्या राजाने शहराला दिलेली तलवार यांच्यापुढे गर्दी असते. ते बघालच. पण लेकीला सैनिकांची त्रिकोणी पत्रं दाखवा. पाकीट नाही, तिकीट नाही, कागदच घडी घालून त्रिकोण करायचा. चिकटवायचा नाही, कारण वाटेत अधिकारी उघडून वाचणार. ती घडी मी माझ्या विद्यार्थ्यांना वर्गात घालायला शिकवते. तुम्हीही हॉटेलवर घालून बघा. मुलांना रणगाड्यापेक्षा असं पत्र लवकर कळतं.

वरच्या गोल दालनात 120 मीटर लांब आणि 16 मीटर उंच चित्र चहूबाजूंनी वेढतं. दिवस 26 जानेवारी 1943 चा, पण निरनिराळ्या दिवशी घडलेले प्रसंग त्यात एकत्र आणले आहेत. तुटलेल्या तारेची टोकं दातांत धरून संदेशवहन सुरू ठेवणारा पुतिलोव्ह त्यात शोधा. प्रेतं, आग, रक्त हे सगळं आहे. लेक घाबरली तर लगेच खाली आणा, हट्ट नको. माझं स्पष्ट मत, हे चित्र विजयाचं आहे. तळघरांतून हिवाळा काढलेल्या बायकामुलांसाठी खालच्या दालनांतच रेंगाळावं लागतं.

दुपारी लेनिन चौकातून भुयारी ट्रामने मामायेव टेकडीला, लढाईच्या स्मारकाला जा. लढाईच्या 200 दिवसांसाठी 200 पायऱ्या आहेत. वडिलांना टप्प्याटप्प्याने, बसवत न्या. वरचा पुतळा तलवारीच्या टोकापर्यंत 85 मीटर आहे, तो खालूनही दिसतो. म्हणून दमले तर पुतळ्याच्या पायथ्याचा हट्ट सोडा, पण त्याआधीच्या गोल सभागृहात नक्की न्या. तिथे मधोमध हातात ज्योत आहे, भिंतींवर 7200 नावं. त्या टेकडीत 34 हजारांहून अधिक सैनिक पुरले आहेत. मी नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली होती. पंधरा-वीस झाली, पुढे आवाजच फुटेना.