टिंगल कर, पण आधी त्यांची मॅच बघून ये

अरे दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरच्या टपरीवर पंचवटीच्या कबड्डीवाल्या पोरांनी क्रिकेटवरून तुझी खेचली, "दहा देश खेळतात आणि म्हणे वर्ल्ड कप", आणि तू चिडून "तुमच्या कबड्डीत इंडिया सोडून आहे कोण" असं म्हणून गाडीला किक मारलीस, आता मला विचारतोयस की कोण बरोबर. भांडण झालं ते बरंच झालं, वेगवेगळ्या खेळांची माणसं एका टपरीवर भांडतात म्हणजे गावात अजून जीव आहे. पण उठून जायचं नसतं रे. उठला तो हरला, हा कुठल्याही कट्ट्यावरचा नियम आहे.

आता पहिली गोष्ट, तुला आवडणार नाही, पण त्यांचं म्हणणं खरंय. 2007 च्या वर्ल्ड कपला 16 टीम होत्या, 2011 आणि 2015 ला 14, आणि 2019 ला 10 वर आणून ठेवल्या, 2023 लाही दहाच. फुटबॉलवाल्यांनी 2026 साठी 32 च्या 48 टीम केल्या आणि आपण उलट्या दिशेला. 2007 ला काय झालं होतं माहितीय ना, तू तेव्हा रांगत असशील, 17 मार्चला एकाच दिवशी बांगलादेशने भारताला आणि आयर्लंडने पाकिस्तानला हरवलं, आणि दोन्ही मोठ्या टीम पहिल्याच फेरीत घरी. टीव्हीवाल्यांचं धाबं दणाणलं. 2019 ला फॉरमॅट असा केला की प्रत्येक टीमच्या नऊ मॅच पक्क्या, म्हणजे खरं तर भारताच्या नऊ मॅच पक्क्या, दुसरं काही नाही. माझं मत विचारशील तर लहान टीमनी ज्या दिवशी सगळ्यात भारी खेळ केला त्याचीच शिक्षा त्यांना दिली गेली. 2027 ला परत 14 होणारेत, चांगलंय, पण म्हणून आपण छाती फुगवण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरं म्हणजे तू नेदरलँड्सचा फॅन झालायस ते धर्मशालाच्या मॅचपासून, हे मला माहितीय. 17 ऑक्टोबर 2023, समोर दक्षिण आफ्रिका, पाऊस, मॅच 43 ओव्हरची, नेदरलँड्सचे 82 वर 5 गेले, 140 वर 7, आणि तिथून स्कॉट एडवर्ड्स नाबाद 78 करून 245 पर्यंत घेऊन गेला, आफ्रिका 207 ला ऑल आउट. तू सगळ्यांना "चमत्कार, चमत्कार" सांगत फिरतोस. चमत्कार बिमत्कार काही नव्हता. त्याच टीमने 2022 च्या टी ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये ॲडलेडला ह्याच आफ्रिकेला 13 रननी हरवून बाहेर काढलं होतं. आणि त्याच्या आधी वनडे सुपर लीग होती, 13 टीमची, तिच्यामुळे ह्या लोकांना मोठ्या टीमशी नियमित खेळायला मिळालं. हरले बरेच, पण खेळले. आता गंमत बघ, ती लीगच बंद केली. मग पुढच्या वेळी हे लोक ढेपाळले की आपणच म्हणणार, "बघा, एका दिवसाची हवा होती."

भारतात सराव करायला नेट बॉलर हवेत म्हणून नेदरलँड्सने ऑनलाइन जाहिरात दिली होती, आणि निवडलेल्यांत चेन्नईतला एक फूड डिलिव्हरी करणारा पोरगा होता. ही टीम वर्ल्ड कप खेळायला आली होती हां, गल्ली टुर्नामेंट नाही.

केनियाचं तर अजून वाईट झालं. 29 फेब्रुवारी 1996, वर्ल्ड कपची केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज मॅच, पुण्याचं नेहरू स्टेडियम, आपल्यापासून किती लांब, चार-पाच तास. तो स्कोअरकार्ड एकदा नीट बघ, मी स्कोअरिंग शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला तोच देतो. केनिया सगळे बाद 166, आणि त्यात सगळ्यात जास्त कोणाचे, तर एक्स्ट्राचे (वाइड, नो-बॉल वगैरे), 37. स्टीव्ह टिकोलोचे 29. म्हणजे अर्धी मदत वेस्ट इंडीजनेच केलेली. आणि मग ती लारा-रिचर्डसनवाली टीम 93 ला खलास, दोनच जण दोन आकड्यांत. लाराचा कॅच पकडला तो तारिक इक्बाल, कीपर, त्या दिवशी ह्या माणसाच्या हातात बॉल थांबत नव्हता, आणि नेमका तो राहिला. कॅप्टन ओडुंबेच्या 15 रनमध्ये 3 विकेट. सगळ्यांना तो कॅच आठवतो, मला विचारशील तर ओडुंबेच्या ओव्हर बघायच्या, कारण कॅच नशिबाने मिळतो पण त्या ओव्हर नशिबाने टाकता येत नाहीत.

हाच केनिया 2003 च्या वर्ल्ड कपला सेमीफायनलला, समोर भारत, आणि केनियाचा कोच कोण, तर आपला संदीप पाटील! गांगुलीने शंभर ठोकले, आपण 91 रननी जिंकलो, नाचलो. आणि त्यानंतर? मोठ्या टीमनी केनियाशी खेळणंच जवळपास सोडून दिलं. त्यांच्या बोर्डाचा घरचा गोंधळही होता, तो नाकारत नाही मी, पण सेमीफायनल खेळलेल्या देशाचा 2014 ला वनडे दर्जाच गेला. अफगाणिस्तान बघ आता. 2018 मध्ये बेंगळुरूला भारताविरुद्ध त्यांची पहिली टेस्ट, दोन दिवसांत संपली, 109 आणि 103 ला ऑल आउट, आपल्याकडे किती हसले लोक. पण त्यांची पोरं आयपीएलमध्ये आली, राशिद 2017 पासून, दर वर्षी दोन महिने जगातल्या सगळ्यात भारी बॅट्समनना बॉल टाकतोय. 2023 च्या वर्ल्ड कपला दिल्लीत इंग्लंड, चेन्नईत पाकिस्तान, गहुंजेला श्रीलंका, तिघांना हरवलं. वानखेडेला ऑस्ट्रेलिया 91 वर 7 होती, मुजीबकडून मॅक्सवेलचा तो कॅच सुटला आणि त्याने पुढे नाबाद 201 मारले. आणि 2024 ला टी ट्वेंटीत त्याच ऑस्ट्रेलियाला हरवून सेमीफायनल. (सेमीत 56 ला गुंडाळले गेले, तेही सांगायचं, लपवायचं नाही. फॅन आहेस, वकील नाहीस.)

आता तुझ्या त्या वाक्याकडे येतो, कबड्डीत इंडिया सोडून आहे कोण.

अरे, इराण आहे ना! 2018 चे एशियाड, जकार्ता. 1990 पासून कबड्डी एशियाडमध्ये आली आणि तोपर्यंत पुरुषांची सातच्या सात गोल्ड आपली. सेमीफायनलला इराणने 27-18 ने मारलं. दुसऱ्या दिवशी बायकांची फायनल, परत इराण, 27-24. आणि त्या इराणच्या मुलींची कोच कोण होती ठाऊक आहे? शैलजा जैन. आपल्या नाशिकच्या! इथे मैदानावर वर्षानुवर्षं पोरी घडवलेल्या बाई, भारताच्या टीमचं कोचपद त्यांच्याकडे आलं नाही, इराणने बोलावलं, त्या गेल्या. भाषा येत नाही, तर फारसी शिकल्या. पोरींकडून योगा करून घेतला, प्राणायाम करून घेतला. आणि दीड-दोन वर्षांत भारताला हरवलं. तू नाशिकचा, खेळावर एवढं बोलतोस, आणि हे तुला त्या पोरांच्या तोंडावर फेकता आलं नाही याचं मला जास्त वाईट वाटलं. उलट तू त्यांनाच म्हणालास आहे कोण. त्यांनी तिथल्या तिथे तुझी पकड करायला हवी होती, सोडलं म्हणजे सभ्य आहेत.

आणि इराण कसा मोठा झाला? परत तेच. त्यांची पोरं प्रो कबड्डीत आली, फझल अत्राचली काय, शादलू काय. 2024 ला पुणेरी पलटन जिंकली तेव्हा आपल्यातलेच किती जण शादलूच्या नावाने बोंबलत होते, तो इराणी आहे हे विसरून. रोज ज्यांच्याशी खेळतो त्यांच्याएवढा होतो माणूस. कबड्डीने दार उघडलं, थोडं नुकसान करून घेतलं, पुरुषांचं गोल्ड गेलं. क्रिकेटने तेच दार अर्धवट लोटून ठेवलंय. कबड्डीवाल्यांकडे आत्ता वरचढ मुद्दा आहे तो हा, दहा टीमचा नाही. पण तो तू त्यांना सांगू नकोस, शोधू देत त्यांचे ते.

टिंगल मात्र सोडू नको. खोखोवाला, कबड्डीवाला, फुटबॉलवाला आणि आपण, एकमेकांची न खेचता राहिलो तर काय मजा. फक्त एक पथ्य, ज्याच्या खेळाची टिंगल करायची त्याची एक तरी पूर्ण मॅच उभ्याने बघितलेली हवी. आणि आपण क्रिकेटवाले आहोत, पैसा आपल्याकडे, टीव्ही आपल्याकडे, पेपरचं पान आपल्याकडे, त्यामुळे चार शिव्या जास्त खायची तयारी ठेवायची. चांदवडजवळच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रोइंगमध्ये रिओ ऑलिम्पिकपर्यंत गेला, सावरपाड्याची कविता राऊत त्याच ऑलिम्पिकला मॅरेथॉन धावली, आणि तेव्हा तुझ्या वयाच्या किती पोरांना ते माहीत होतं ते मी विचारत नाही.

नेदरलँड्सवर प्रेम आहे तर लीग टूच्या (लहान टीमची वर्ल्ड कप पात्रतेची लीग) मॅच बघ, नेदरलँड्स, नेपाळ, नामिबिया, स्कॉटलंड, ओमान वगैरे, त्यातल्या कंटाळवाण्या पण बघ. 2027 ला जायचा रस्ता तिथून आहे. तिथे कोणी कोणाला दया दाखवत नाही, आणि प्रेक्षक बघायचे तर नेपाळचं किर्तीपूर बघ, आपलं गोल्फ क्लब मैदान (जिथे कोणी गोल्फ खेळत नाही ते) रणजीला भरतं त्याच्या कितीतरी पट गर्दी, उन्हात.

आणि रविवारी संध्याकाळी त्या पोरांच्या मंडळाची मॅच आहे, मी चौकशी केलीय, सात वाजता. जा. इंडियाची जर्सी घालून जाऊ नको. कोपऱ्याच्या बाजूला उभा रहा आणि चढाई करणाऱ्याकडे बघू नको, सगळे तेच बघतात, तू डाव्या कोपऱ्यातल्या पोराचे पाय बघ, तो कधी अर्धं पाऊल मागे घेतो ते. बोनस रेषा कुठली आणि निदान रेषा कुठली हे मात्र शनिवारीच मला फोन करून विचार, तिथे त्यांना विचारलंस तर वर्षभर ऐकवतील.

तुझा,
स्कोअरर काका