सीमेवर न डगमगलेला भाऊ घरी आल्यावर का खचला?

तुमचा दादा काश्मीरमध्ये नोकरी करून पेन्शनवर गोव्यातल्या साखळी गावी आला. आता झोपत नाही, बोलत नाही, तिन्हीसांजा झाल्या की बाटली काढतो. इतका खंबीर माणूस घरच्या सुखात कसा खचला, असं तुम्ही विचारलंय. माझे यजमान पायदळातून निवृत्त झाले, आम्ही डिचोलीत राहतो, म्हणून लिहिते.

ताई, तो कमजोर पडलेला नाही, हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. लढाई पाहिलेले बहुतेक जवान सावरतात, पण एकट्याच्या बळावर नाही. तिथे शेजारच्या खाटेवर बडी म्हणजे जोडीदार जवान होता, पहाटे पीटी, रात्री ड्यूटी, शिव्या घालत का होईना चौकशी करणारा हवालदार होता. पेन्शन झाली की हे सगळं एका दिवसात सुटतं आणि सावधपणा तेवढा अंगात राहतो. आमचे हे अजून लग्नाच्या हॉलात शेवटची रांग धरतात, दार दिसेल असेच बसतात. दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री वाड्यावर फटाके सुरू झाले की कोणाशी न बोलता घरभर फिरून खिडक्या लावत राहतात. त्या वेळी ‘अहो, फटाकेच आहेत’ म्हणून उपयोग नसतो. मी नुसती सोबत फिरते.

जुने प्रसंग डोळ्यांसमोर येणं, दचकणं, त्या आठवणी टाळणं महिन्याहून जास्त चाललं तर तो पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर जडणारा मनाचा आजार, असू शकतो. व्हिएतनाम युद्धानंतर, 1980 मध्ये, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी तो आजारांच्या यादीत घेतला. कशातच रस न वाटणं, भूक-झोप जाणं हे दोन आठवडे टिकलं तर नैराश्याची शंका घ्यावी. पुष्कळदा दोन्ही बरोबरच असतात, म्हणून डॉक्टरांना दोन्ही तपासायला सांगा. दादा ‘मला काही झालेलं नाही’ म्हणेल. नोकरीत मनाचं दुखणं सांगितलं तर मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फौजेतला तब्येतीचा दर्जा, खाली जाईल, प्रमोशन अडेल, ही धास्ती असते. ती सवय पेन्शनीतही सुटत नाही.

दारूवरून भांडू नका. तिने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते आणि नैराश्य वाढतं. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

आपल्या गोव्यातच ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांत मदत केली. 2017 मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यातलं मुख्य सूत्र असं: मन लागेल तेव्हा काम करू म्हणत थांबायचं नाही, आधी छोटं काम करायचं, मन मागून येतं. दादाला सल्ला देण्यापेक्षा कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, पाणी सोडायला बरोबर न्या. ‘तिथे काय पाहिलंस?’ हे मात्र विचारू नका. तो बोलला तर ऐका.

बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, मानसोपचारतज्ज्ञ आहेत. 14416 या टेली-मानस या सरकारी मदतसेवेच्या नंबरवर रात्रीही बोलता येतं. मरणाची भाषा काढली तर थेट विचारा, एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि त्याच्या पलटणीतल्या एखाद्याला तुम्ही स्वतः फोन करून घरी बोलवा. आम्ही सांगून जे ऐकलं नाही, ते यजमानांनी त्यांच्या जुन्या सुभेदारसाहेबांचं ऐकलं आणि डॉक्टरकडे गेले.